चालढकल: प्रश्न वेळेचा की मनःस्थितीचा?

तळटीप (धागाकर्ती)

चालढकलीविषयी आपल्याकडे जे बोलले जाते ते बहुतेक घड्याळाभोवती फिरते. वेळापत्रक करा, पहाटे उठा, मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवा, कामांची यादी भिंतीवर लावा, असे सल्ले पालक, शिक्षक आणि व्याख्याते सगळेच देतात, आणि ज्यांना ते दिले जातात त्यांच्याकडे वेळापत्रकांची मुळीच कमतरता नसते. पदवीच्या वर्गांना मानसशास्त्र शिकवताना मला दरवर्षी असे विद्यार्थी भेटतात, ज्यांना काय करायचे, केव्हा करायचे आणि न केल्यास काय होईल हे पक्के ठाऊक असते, आणि तरीही काम सुरू होत नाही. माहिती आहे, इच्छाही आहे. मग अडते कुठे, हा या धाग्याचा विषय आहे.

या विषयावरचे संशोधन वाचून माझे मत असे बनले आहे की चालढकल ही मुख्यतः मनःस्थिती सावरण्याची धडपड असते. समोरचे काम मनात काही नकोसे जागे करते. ते कधी अपयशाचे भय असते, कधी निव्वळ कंटाळा, कधी आपण कमी पडू ही धाकधूक, आणि कधी ज्याने ते काम गळ्यात मारले त्याच्याविषयीचा राग. काम बाजूला सारले की हे नकोसेपण लगेच ओसरते आणि त्या क्षणी मिळणारा दिलासा हेच बक्षीस ठरते. ज्या वागण्याला बक्षीस मिळते ते वागणे पुन्हा घडते, हा प्रेरणेच्या अभ्यासातला अगदी जुना नियम आहे. फ्युशा सिर्वा आणि टिमथी पिचिल या कॅनडातील संशोधकांनी 2013 मध्ये ही मांडणी स्पष्टपणे केली: आत्ता बरे वाटावे याला मन अग्रक्रम देते आणि त्याची किंमत पुढच्या काळातल्या आपल्याच वाट्याला येते.

यामागचा जो प्रयोग मला सर्वांत बोलका वाटतो तो डायान टाइस, एलेन ब्रात्स्लाव्हस्की आणि रॉय बाउमाइस्टर यांनी 2001 मध्ये प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सांगण्यात आले की थोड्या वेळाने गणिती कौशल्याची चाचणी आहे आणि तोवर सरावाला वेळ आहे. त्याआधी काही जणांना दुःखद प्रसंग मनात रंगवायला लावून त्यांची मनःस्थिती बिघडवली होती. खोलीत सरावाच्या साहित्याखेरीज वेळ घालवण्याच्या वस्तूही ठेवल्या होत्या. काहींसाठी त्या मजेच्या होत्या, काहींसाठी रटाळ. प्रयोगाची खुबी पुढेच आहे. काही विद्यार्थ्यांना एक सुगंधी मेणबत्ती दाखवून असे पटवण्यात आले की तिच्या वासाने तुमची आत्ताची मनःस्थिती काही काळ जशीच्या तशी गोठून राहील. मेणबत्तीत तसा कोणताही गुण नव्हता. पण ज्या उदास विद्यार्थ्यांना आपली मनःस्थिती बदलू शकते असे वाटत होते आणि ज्यांच्या हाताशी मजेच्या वस्तू होत्या, त्यांनी सराव टाळून त्या वस्तूंतच वेळ घालवला. काहीही केले तरी आत्ता बरे वाटणार नाही, अशी ज्यांची समजूत करून दिली होती त्या तितक्याच उदास विद्यार्थ्यांनी तशी टाळाटाळ केली नाही. बरे वाटण्याची आशा काढून घेतल्यावर टाळण्याचे कारणच उरले नाही.

दुसरा प्रयोग जोसेफ फेरारी आणि टाइस यांचा, 2000 सालचा. त्यात एकच गणिती काम कधी ‘तुमच्या क्षमतेची परीक्षा’ म्हणून पुढे ठेवले गेले आणि कधी ‘एक खेळ’ म्हणून. नेहमी चालढकल करणाऱ्या व्यक्तींनी परीक्षा म्हटल्यावर सराव टाळला. खेळ म्हटल्यावर त्यांचे वागणे इतरांसारखेच राहिले. आळस हे खरे कारण असते तर त्याने खेळ आणि परीक्षा असा भेद केला नसता. कामावर टांगलेला निकाल तेवढा काढून घेतला आणि तीच माणसे कामाला लागली.

हा दिलासा स्वस्त नसतो. टाइस आणि बाउमाइस्टर यांनी 1997 मध्ये विद्यार्थ्यांचा सत्रभर मागोवा घेतला, तेव्हा असे दिसले की सत्राच्या आरंभी चालढकल करणारे खरोखरच अधिक निवांत आणि निरोगी होते, पण सत्र संपताना त्यांचा ताण आणि आजारपण इतरांहून इतके वाढले की एकूण हिशेबात तेच अधिक त्रासलेले ठरले. गुणही कमी पडले. ‘मला शेवटच्या क्षणाच्या दडपणाखालीच उत्तम सुचते’ हे वाक्य मी वर्गात वारंवार ऐकते. ते म्हणणाऱ्याला मनापासून तसे वाटत असते, पण या निष्कर्षांत त्याला आधार मिळत नाही.

आणि आता या सगळ्यातला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. काम टळले की थोड्या वेळाने अपराधी वाटू लागते. पुढच्या वेळी त्या कामाकडे पाहताना मूळची भीती असतेच, तिच्या जोडीला ही शरमही येते, म्हणजे काम आधीपेक्षा अधिक नकोसे होते आणि टाळण्याची ओढ आणखी वाढते. ओटावातील कार्लटन विद्यापीठात मायकल वोल, पिचिल आणि शॅनन बेनेट यांनी प्रथम वर्षाच्या 119 विद्यार्थ्यांचा दोन परीक्षांदरम्यान अभ्यास केला आणि तो 2010 मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या परीक्षेआधी ज्यांनी बरीच चालढकल केली होती, त्यांपैकी ज्यांनी त्याबद्दल स्वतःला माफ केले होते त्यांनी दुसऱ्या परीक्षेआधी कमी चालढकल केली, आणि हा परिणाम नकोशा भावना कमी होण्याच्या वाटेने झालेला दिसला. ज्याला आपण घरात, शाळेत आणि स्वतःशी बोलतानाही ‘कान उपटणे’ म्हणतो, ते या प्रश्नावर उलटे काम करत असावे, असे मला या निष्कर्षावरून वाटते.

आपापले निरीक्षण आणि मतभेद दोन्ही सविस्तर लिहावेत, ही विनंती.

पिंपळपार

पुण्यात पेठेत माझी एक लहानशी अभ्यासिका आहे आणि तिथे बसणारी बहुतेक मुले राज्यसेवेची किंवा संयुक्त परीक्षेची तयारी करतात. तुम्ही लिहिलेले मी रोज पाहतो, मात्र माझ्या मुलांची चालढकल बाहेरून चालढकल दिसत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो आहे.

सकाळी सात वाजता येऊन रात्री दहाला उठणारी मुले आहेत. ती मोबाइल पाहत नाहीत, चहाच्या टपरीवर रेंगाळत नाहीत. तरीही जे काम करायला हवे ते टाळतातच. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली, तेव्हापासून हे फार ठळक झाले आहे. उत्तर लिहिण्याचा सराव केल्याशिवाय तरणोपाय नाही हे प्रत्येक जण दुसऱ्याला सांगतो, आणि स्वतः मात्र आधी एकदा राज्यघटना पूर्ण वाचतो, मग अप्पा बळवंत चौकातून आणखी एक संदर्भपुस्तक आणतो, मग यशस्वी उमेदवाराच्या नोट्स मिळवून त्यांच्या नोट्स काढतो. मार्कर पेनांनी पाने पिवळी आणि गुलाबी होतात. कोरा कागद पुढ्यात घेऊन घड्याळ लावून एक उत्तर लिहायचे, हे ‘सिलॅबस संपल्यावर’ होणार असते, आणि सिलॅबस कधीच संपत नाही.

एक मुलगा आठवतो. घरची शेती कोरडवाहू, मोठ्या भावाने याच्यासाठी स्वतःचे लग्न लांबवलेले. टेस्ट सिरीजचे पैसे भरूनही हा चाचणीच्या दिवशी नेमका आजारी पडायचा. मी त्याला बसवून विचारले, तेव्हा तो म्हणाला की पेपर दिला नाही तोवर निदान ‘माझी तयारी चालू आहे’ असे घरी सांगता येते. पेपर देऊन चाळीस गुण आले तर काय सांगू. मला त्याच्यात कामचुकारपणा कुठेही दिसला नाही. त्याच्यासाठी एका चाचणीवर सगळ्या घराची इभ्रत टांगलेली होती.

कडूलिंब

मी सेवानिवृत्त मुख्याध्यापक आहे. धागा विचारपूर्वक लिहिला आहे, तरीही मला काही गोष्टी पटलेल्या नाहीत आणि त्या स्पष्ट मांडतो.

स्वतःला माफ करा, असे एकदा सांगितले की पुढे जबाबदारी उरते कुठे? आमच्या शाळेत गृहपाठ न करणाऱ्या मुलाला वर्गाबाहेर उभे केले जाई आणि दुसऱ्या दिवशी तो गृहपाठ करून येई. हे मी पस्तीसेक वर्षे पाहिले आहे. धाक नसता तर त्यांतली कितीतरी मुले दहावीची पायरी ओलांडू शकली नसती. आजच्या पालकांनी मुलाला दुखवायचे नाही असे ठरवले आहे, आणि त्यामुळे साधा निबंध लिहिणेही मुलांना दुःखद वाटू लागले आहे. भावना सांभाळण्याच्या नावाखाली आपण कष्टाची सवयच मोडीत काढत नाही ना, याचे उत्तर मला हवे आहे.

शून्यप्रहर

माझा व्यवसाय संख्याशास्त्राशी संबंधित आहे, त्यामुळे माझी हरकत वेगळ्या प्रकारची आहे.

धागाकर्तीने ज्या प्रयोगांवर भर दिला आहे ते प्रयोगशाळेतले आणि मोजक्या विद्यार्थ्यांवर केलेले आहेत. बाउमाइस्टर यांच्याच ‘संकल्पशक्ती वापराने थकते’ या गाजलेल्या सिद्धान्ताची 23 प्रयोगशाळांनी मिळून पुनर्तपासणी केली आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निकालात अपेक्षित परिणाम जवळजवळ आढळला नाही. म्हणून मेणबत्तीच्या प्रयोगावर फार मोठी इमारत उभारू नये असे मला वाटते.

शिवाय पिअर्स स्टील यांनी 2007 मध्ये या विषयावरच्या उपलब्ध अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. त्यात 691 सहसंबंध तपासले गेले. चिंताळू स्वभावाचा चालढकलीशी असलेला संबंध त्यात क्षीण निघाला. उतावीळपणा, कामाचा नकोसेपणा, आपल्याला हे जमेल हा विश्वास नसणे आणि फळ लांब असणे, यांचा संबंध भक्कम निघाला. स्टील यांची मांडणी सूत्रासारखी आहे: यशाची अपेक्षा आणि फळाचे मोल जितके जास्त तितकी प्रेरणा जास्त, फळाला लागणारा विलंब आणि माणसाचा उतावीळपणा जितका जास्त तितकी ती कमी. मुदत जवळ आली की विलंब घटतो आणि प्रेरणा उसळते, म्हणून सगळे आदल्या रात्री जागतात. या स्पष्टीकरणात भीतीला मध्यवर्ती स्थान द्यावे लागत नाही. माझ्या ओळखीतली सर्वांत घाबरट माणसे प्राप्तिकराचे विवरणपत्र सर्वांत आधी भरतात.

तळटीप (धागाकर्ती)

दोन्ही हरकती मोलाच्या आहेत आणि त्यांची उत्तरे एकमेकांत गुंतलेली आहेत, म्हणून एकत्र लिहिते.

शून्यप्रहर, 2016 च्या पुनर्तपासणीविषयी तुम्ही लिहिले ते योग्यच आहे. मात्र तो सिद्धान्त आणि मेणबत्तीचा प्रयोग यांतील प्रश्न निराळे आहेत: पहिला विचारतो की निग्रह थकतो का, दुसरा विचारतो की निग्रह सोडून माणूस काय मिळवू पाहतो. माझी भिस्त त्या एका प्रयोगावर नाही. व्हरमाँट विद्यापीठातील लॉरा सॉलोमन आणि एस्थर रॉथब्लम यांनी 1984 मध्येच 342 विद्यार्थ्यांना चालढकलीची कारणे विचारली होती, आणि अपयशाची भीती व कामाचा नकोसेपणा हे दोन मोठे गट तेव्हाच पुढे आले होते. त्या विद्यार्थ्यांपैकी 46 टक्के सत्रनिबंध लिहिताना जवळजवळ नेहमी किंवा नेहमीच चालढकल करत होते.

स्टील यांचा निष्कर्ष मला मान्य आहे, आणि तो माझ्या मांडणीच्या आड येतो असे मला वाटत नाही. ‘कामाचा नकोसेपणा’ ही त्यांच्या यादीतली भक्कम बाब मुळात भावनाच आहे. चिंताळू माणसे विवरणपत्र लवकर भरतात, कारण काम उरकल्याने त्यांची चिंता मिटते. ज्याची चिंता काम टाळल्याने मिटते तो ते टाळतो. त्यामुळे कुणाच्या मनात किती चिंता आहे एवढे मोजून चालढकलीचा अंदाज येणार नाही, ती चिंता अंगावर वागवत काम सुरू करण्याची क्षमता किती आहे हे पाहावे लागेल. ही क्षमता शिकवता येते. जर्मनीत मार्कुस एकर्ट आणि सहकाऱ्यांनी लोकांना नकोशा भावना सहन करण्याचे आणि पालटण्याचे ऑनलाइन प्रशिक्षण दिले, आणि 2016 मध्ये त्यांनी दाखवले की त्या प्रशिक्षणानंतर चालढकल कमी झाली. वेळेचे नियोजन त्यात शिकवायचा विषय नव्हता.

कडूलिंब सर, तुमच्या प्रश्नात मला दोन गोष्टी एकत्र आलेल्या दिसतात: बाहेरून घातलेली मुदत आणि शरम. मुदतीच्या बाजूने मी ठामपणे उभी राहीन. डॅन एरिएली आणि क्लाउस वेर्टेनब्रोख यांच्या 2002 च्या अभ्यासात तीन मजकुरांतल्या चुका शोधण्याचे काम लोकांना दिले होते. ज्यांना ठरावीक अंतराने मुदती घालून दिल्या त्यांनी सर्वांत जास्त चुका शोधल्या, स्वतःच्या मुदती स्वतः ठरवणारे मध्ये राहिले, आणि ज्यांना शेवटची एकच तारीख दिली ते सर्वांत मागे पडले. गृहपाठ उद्याच तपासला जाणार, ही तुमच्या शाळेतली खात्री फार मोलाची होती, आणि तुमच्या मुलांच्या यशात तिचा वाटा मोठा असणार असे मला वाटते. वर्गाबाहेर उभे करण्याचा वाटा मात्र वेगळा मोजायला हवा. ज्या मुलाला गृहपाठ करता येत होता आणि त्याने केला नव्हता, तो दुसऱ्या दिवशी करून आला. ज्याला मुळात गणित उमगतच नव्हते तो पुढच्या आठवड्यात शाळेतच आला नाही, आणि तो आपल्या नजरेआड गेल्याने आपल्या हिशेबातूनही गेला. अशी मुले तुम्हीही पाहिली असतील.

स्वतःला माफ करण्यात जबाबदारी झटकणे येत नाही. वोल यांच्या अभ्यासात ‘मी चुकीचे वागलो’ हे मान्य करणे गृहीतच आहे, कारण ज्याला आपले काही चुकले असे वाटतच नाही त्याला माफ करण्याजोगे काही नसते.

काठपदर

अभ्यास आणि परीक्षा यांच्याबाहेरचे एक उदाहरण देते, कारण ही सवय विद्यार्थीदशेबरोबर संपत नाही.

नियमित तपासणीत डॉक्टरांना माझ्या छातीच्या क्ष-किरण चित्रात काहीतरी शंकास्पद वाटले आणि त्यांनी आणखी एक चाचणी सांगितली. चाचणी मी लगेच करून घेतली. अहवाल मात्र मोबाइलवर पीडीएफ म्हणून आला तेव्हा मी तो उघडला नाही. दाबायला एक बोट पुरेसे होते. त्या काळात मी माळ्यावरची भांडी काढून घासली, लेकीच्या शाळेचे सगळे अर्ज भरले, सासूबाईंच्या निवृत्तिवेतनाचे रखडलेले कागद मार्गी लावले. घरचे म्हणत होते की हिला हल्ली कामाचा भारी उरक आला आहे. अहवालाचे नाव दिसू नये म्हणून मी ते संभाषण अर्काइव्हमध्ये टाकून दिले होते. शेवटी नणंदेने शेजारी बसून तो उघडला. त्यात जुन्या संसर्गाचा वण होता, बाकी काही नव्हते.

वेळेचे नियोजन चुकले असे यात कोणी म्हणू शकेल का? धागाकर्तीने लिहिलेले वाचेपर्यंत मला माझे ते वागणे कोणत्या खणात ठेवावे हेच समजले नव्हते.

निर्गुडी

मी मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करते. चर्चा उत्तम चालली आहे. एका सावधगिरीची भर घालते.

प्रत्येक टाळाटाळ ही येथे वर्णन केलेल्या प्रकारची नसते. चालढकल करणारा माणूस एक काम टाळून दुसऱ्या कशात तरी रमतो, आणि काठपदर यांची घासलेली भांडी हे त्याचे चांगले उदाहरण आहे. नैराश्यात असे रमणे राहत नाही. आवडीचे काम, आवडते माणूस, आवडता पदार्थ, सगळ्यांतूनच रस गेलेला असतो, झोप आणि भूक बिघडलेली असते, आणि हे दोन आठवडे किंवा त्याहून जास्त काळ टिकून असते. अशा व्यक्तीला चालढकलीवरचे उपाय सुचवले तर तेही जमले नाहीत म्हणून ती आणखी खचते. दुसरा गट लक्ष एकाग्र न होण्याच्या आणि अतिचंचलतेच्या विकाराचा. त्यात लहानपणापासून, घरी आणि बाहेर, आवडीच्या कामांतही सुरुवात आणि सातत्य अडखळत आलेले असते. हे मोठ्या वयातही ओळखता येते आणि त्यावर उपचार आहेत. आपल्याकडे मुलींच्या बाबतीत हे फार उशिरा लक्षात येते, कारण शांत बसून स्वप्नात हरवलेल्या मुलीची कोणी तक्रार करत नाही.

पिंपळपार, तुमच्या अभ्यासिकेतला एखादा मुलगा जेवणे टाळू लागला, रात्रभर जागा राहू लागला किंवा ‘माझा कोणाला काय उपयोग’ अशा अर्थाचे बोलू लागला, तर अभ्यासाची चर्चा बाजूला ठेवून त्याला त्याच दिवशी मदत मिळवून द्या. केंद्र सरकारची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र चालू असते आणि तिथे मराठीतही बोलता येते. हा क्रमांक अभ्यासिकेच्या सूचनाफलकावर लावून ठेवावा, असे सुचवते.

उत्तररात्र

मी विद्यावाचस्पती पदवीसाठी संशोधन करतो. प्रबंधाची चार प्रकरणे झाली आहेत, पाचवे अडले आहे. मार्गदर्शकांनी मागच्या भेटीत चौथ्या प्रकरणावर बरीच टीका केली, आणि तेव्हापासून ती फाइल उघडली की पोटात गोळा येतो आणि मी संदर्भसूचीतले स्वल्पविराम दुरुस्त करत बसतो. वर दिलेली कारणमीमांसा मला पूर्णपणे पटली आहे. पण कारण कळल्याने गोळा जात नाही. उद्या सकाळी मी नेमके काय करावे?

तळटीप (धागाकर्ती)

उत्तररात्र, पोटातला गोळा जाण्याची वाट पाहू नका, असे मी सर्वांत आधी सांगेन. ‘मन लागले की बसतो’ ही अट मोडण्यावरच सगळे अवलंबून आहे. काम सुरू झाल्यावर ते वाटले होते तितके भयंकर नाही, हा अनुभव बहुतेकांना येतो. आणि तो अनुभव येण्यासाठी आधी सुरुवात करावी लागते.

आता उद्याविषयी. पीटर गोल्वित्झर आणि व्हेरोनिका ब्रांडश्टेटर यांनी 1997 मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना नाताळच्या आदल्या दिवशी आपण काय केले याचा अहवाल 48 तासांच्या आत लिहून पाठवायचा होता. ज्यांना तो कोठे आणि केव्हा लिहिणार हे आधी ठरवून लिहून द्यायला लावले होते, त्यांच्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश विद्यार्थ्यांनी तो वेळेत लिहिला. ज्यांची केवळ इच्छा होती त्यांच्यापैकी सुमारे एक तृतीयांश विद्यार्थ्यांनी. म्हणून ‘उद्या पाचव्या प्रकरणाला हात घालतो’ असे ठरवू नका. ‘सकाळचा चहा संपला की स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून, फाइल न उघडता, कागदावर पाचव्या प्रकरणातील पहिल्या मुद्द्याविषयी मला काय म्हणायचे आहे ते हाताने लिहीन’ असे ठरवा. फाइल न उघडण्याचे कारण उघड आहे: चौथ्या प्रकरणावरची टीका त्या फाइलीला चिकटली आहे. हाताने लिहिलेला कागद मार्गदर्शकांना दाखवायचा नाही, म्हणजे त्यावर निकाल लागणार नाही. फेरारी आणि टाइस यांनी परीक्षेचा खेळ केला होता, तेच येथे करायचे आहे.

गोळा आला तर त्याचे नाव मनात घ्या, म्हणजे ‘ही सरांच्या टीकेची भीती आहे’ असे स्वतःशी स्पष्ट म्हणा, आणि लिहीत राहा. भावनेला नेमके नाव दिल्याने तिची धार कमी होते, हे मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी 2007 मध्ये मेंदूच्या प्रतिमांवरूनही दाखवले आहे: भयभीत चेहऱ्याची भावना शब्दांत ओळखताना मेंदूतील भीतीशी निगडित अमिग्डाला या भागाची हालचाल मंदावलेली दिसली. आणि उद्या बसलात पण जमले नाही, तर रात्री स्वतःची खरडपट्टी न काढता परवाच्या चहानंतरची तीच जागा पुन्हा ठरवा.

त्याखेरीज मार्गदर्शकांना एक पत्र लिहा, ज्यात संपूर्ण प्रकरणाऐवजी दर पंधरवड्याला पाच पाने देण्याची परवानगी मागा. आपल्याकडे मार्गदर्शकांशी असे बोलणे अवघड जाते हे मी जाणते, पण तुकड्यातुकड्यांच्या मुदतींचा फायदा वर पाहिलाच आहे, आणि पाच पानांवरची टीका पचवायला साठ पानांवरच्या टीकेपेक्षा सोपी असते.

कडूलिंब

नजरेआड गेलेल्या मुलांविषयी तुम्ही लिहिले ते वाचून मी बराच वेळ थांबलो. अशी मुले होती. त्यांतल्या दोघांची नावे मला आजही आठवतात. मुदत आणि शरम वेगळी काढता येते हा मुद्दा मला मान्य आहे; तपासणी रोज झालीच पाहिजे, हा माझा आग्रह मात्र कायम आहे.

पिंपळपार

उत्तररात्र यांना दिलेले उत्तर वाचून मी अभ्यासिकेत एक गोष्ट सुरू करतो आहे, ती नोंदवून ठेवतो. रोज संध्याकाळी सहा वाजता सगळ्यांनी एकाच प्रश्नाचे उत्तर लिहायचे, वेळ लावून, आणि लिहिलेला कागद ज्याचा त्याने ठेवायचा. गुण नाहीत, नाव नाही, गटावर फोटो टाकणे नाही. महिनाभर हे रुळले की मग ज्याची इच्छा असेल त्याने आपला कागद शेजारच्याला वाचायला द्यायचा. कडूलिंब सरांचा आग्रह म्हणून हजेरी रोज मी स्वतः घेईन. टेलि-मानसचा क्रमांक आज दुपारीच फलकावर लावला आहे.

तळटीप (धागाकर्ती)

पिंपळपार, पहिल्या आठवड्यात प्रश्न मुद्दाम सोपे ठेवा, सगळ्यांना चार ओळी तरी नक्की लिहिता येतील असे. स्टील यांच्या सूत्रातली ‘यशाची अपेक्षा’ वाढवण्याचा सर्वांत सरळ मार्ग तोच आहे. जे मूल सहा वाजता नेमके बाहेर निघून जाईल, त्याच्याशी दुसऱ्या दिवशी एकट्याने बोला. हजेरीच्या वहीत त्याच्या नावापुढे फुली मारून वही सगळ्यांसमोर उघडी ठेवू नका.

उत्तररात्र

मार्गदर्शकांना पत्र पाठवले आहे. उद्याच्या चहानंतरसाठी कागद आणि पेन स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवले आहेत. पाच पाने पूर्ण झाली की याच धाग्यावर कळवीन, आणि अडलो तर कुठे अडलो तेही लिहीन.